अटारीतला भोपळा

प्रश्न: मुलगा सांगतो, बुद्धिबळात माणसाला हरवणाऱ्या रोबोला अटारी या जुन्या व्हिडिओ गेम यंत्रावरच्या एका गेममधे शून्य पडले. थापा मारतोय का? - एक आई, सांगली

उत्तर: नाही हो, खरंय! फक्त हा रोबो म्हणजे हातपाय नसलेला प्रोग्राम, आणि बुद्धिबळवाला वेगळा. २०१५ मधे डीपमाइंड कंपनीचा डीक्यूएन नावाचा हा प्रोग्राम ४९ अटारी गेम खेळला, नियम कुणी सांगितलेच नाहीत, नुसता स्क्रीन आणि स्कोअर बघून शिकला, बॉलने विटांची भिंत फोडायच्या 'ब्रेकआऊट'मधे तर पठ्ठ्याने भिंतीच्या कडेला भोक पाडून बॉल मागे पाठवायचं शोधून काढलं. पण १९८४ च्या 'माँटेझुमाज रिव्हेंज' या गेममधे भोपळा. पहिल्याच खोलीत शिडी उतरा, दोराला लटका, लोळत येणारी कवटी चुकवा, परत शिडी चढा, तेव्हा कुठे किल्ली, आणि तोवर एकही पॉइंट नाही. हा बिचारा सुरुवातीला वाट्टेल ती बटणं दाबतो, पॉइंट मिळाला तरच शिकतो, मग शिकणार कशावरून? आपल्याला किल्ली दिसली की उचलायची हे न सांगता कळतं, त्याला ते पिवळे ठिपके. २०१८ मधे ओपनएआय कंपनीने आपल्या प्रोग्रामला नवीन काही दिसलं की बक्षीस द्यायला सुरुवात केली, थोडक्यात भोचकपणा शिकवला, आणि गडी कधीकधी पहिल्या लेव्हलच्या २४ च्या २४ खोल्या फिरून आला.