वाचक विचारतात : घरी येतं, मग पेपरात का सुचत नाही?

प्रश्न : मी दहावीत आहे. घरी गणितं पटापट सुटतात. सराव परीक्षेत मात्र प्रश्नपत्रिका हातात पडली की हात गार होतात, सूत्रंसुद्धा आठवत नाहीत. बीजगणितात ४० पैकी २१ मिळाले. काय करू?
– एक विद्यार्थिनी, कोथरूड

उत्तर : घरी तू बहुधा एकाच प्रकरणाची आठ-दहा गणितं ओळीने सोडवतेस. तिथे कुठलं सूत्र लावायचं हे आधीच ठाऊक असतं. पेपरात ते आपलं आपण ओळखावं लागतं, तेही घड्याळाकडे बघत, आणि नेमका त्याचाच सराव राहून जातो. त्यात भीती शिरली की अर्धं लक्ष ‘आता काय होणार’ यातच अडकतं, गणिताला उरतं ते अर्धंच.

अप्पा बळवंत चौकात मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिकांचे संच मिळतात, त्यातला एक आण. दर रविवारी सकाळी बरोबर ११ वाजता, म्हणजे बोर्डाच्या वेळेलाच, पेपर सोडवायला बस. वही-पुस्तक मिटलेलं, मोबाइल दुसऱ्या खोलीत, मनगटावर साधं घड्याळ. गणित भाग १ ला ४० गुण आणि २ तास. गुणाला अडीच मिनिटं धरलीस तर १०० मिनिटांत पेपर होतो, २० मिनिटं तपासायला उरतात. चार गुणांच्या गणिताला १० मिनिटं. अकराव्या मिनिटाला अडलेलीच असशील तर खाली जागा सोड आणि पुढे जा. मुलांना हेच सर्वांत जड जातं. एका गणिताशी २५ मिनिटं झटापट केली की शेवटची दोन सोपी गणितं हातची जातात.

पेपर तपासताना चूक नेमकी कोणत्या पायरीवर झाली ते वेगळ्या वहीत लिही. समज, २क्ष² − ७क्ष + ३ = ० हे वर्गसमीकरण आहे. घाईत ब ची, म्हणजे क्ष च्या सहगुणकाची, किंमत ७ लिहिली जाते, खरी आहे −७. विवेचक (ब² − ४अक) दोन्ही वेळा २५ च येतो, त्यामुळे चूक डोळ्यांत भरत नाही. उत्तरं मात्र ३ आणि १/२ ऐवजी −३ आणि −१/२ येतात. मूळ समीकरणात −३ घालून बघ : १८ + २१ + ३, म्हणजे ४२. शून्य यायला हवं होतं. हा पडताळा अर्ध्या मिनिटाचा आहे, तो कधीही सोडू नकोस. आणि उत्तर जमलं नाही तरी अ, ब, क च्या किमती आणि सूत्र लिहूनच ठेव. पायऱ्यांनाही गुण असतात.

हात गार पडतील तेव्हा पेन खाली ठेव. चार अंक मोजत श्वास आत, सहा मोजत सावकाश बाहेर, असं दहा वेळा कर. पावणेदोन मिनिटांहून जास्त लागत नाहीत. उच्छ्वास लांबवला की हृदयाची धडधड कमी होते. पण हे रविवारच्या पेपराआधीही करत जा. पहिल्यांदाच परीक्षेच्या हॉलमध्ये करून बघशील तर तेवढा उपयोग व्हायचा नाही.

प्रश्न : राज्यसेवेची तयारी करतो. नवी पेठेतल्या अभ्यासिकेत रोज १२ तास बसतो. आधुनिक इतिहासाचं तिसरं वाचन चालू आहे, तरी सराव चाचणीत पर्याय सारखेच वाटतात.
– एक परीक्षार्थी, मूळ गाव बीड

उत्तर : चौथं वाचन करू नका. वाचलेलं पान पुन्हा डोळ्यांखालून गेलं की ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटणं म्हणजेच पाठ होणं असा आपला समज होतो. २००६ साली दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा पुन्हा वाचायला दिला, दुसऱ्याला तो न बघता आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर आठवून लिहिणारे बरेच पुढे गेले.

तेव्हा ४० मिनिटं वाचा, पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर १० मिनिटं आठवेल ते लिहा. सत्यशोधक समाज १८७३, पुणे सार्वजनिक सभा १८७०, डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ : साल, संस्थापक, हेतू. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनाने भरा. उद्या, तीन दिवसांनी आणि दहा दिवसांनी फक्त तेवढं लाल तपासा. सुरुवातीला कागद निम्मा कोराच राहील आणि जीव घाबरा होईल. राहू द्या. कुठे कच्चं आहे ते त्या कोऱ्या जागेतूनच कळतं.

बारा तासही कमी करा. असे आठ तास नीट झाले तरी खूप आहेत. संध्याकाळी अर्धा तास चालून या, शक्यतो चहाच्या टपरीवरची ‘कटऑफ’ची चर्चा टाळून.

प्रश्न : मुलगा बारावीला आहे. रात्री दोनपर्यंत चहा घेत जागतो आणि सकाळी पेंगतो. रागावू की नको?
– एक आई, हडपसर

उत्तर : रागावून झोप येत नाही. दुपारी चारनंतरचा चहा-कॉफी तेवढी बंद करा. कॅफिनचा निम्मा अंश शरीराबाहेर जायलाच साधारण पाच तास लागतात. दिवसा शिकलेलं झोपेत पक्कं होतं, म्हणून सात तास झोप हाही अभ्यासच आहे, हे त्याला शांतपणे समजवा. मात्र दोनाचे अकरा एका रात्रीत करायला जाऊ नका. दर तीन दिवसांनी अर्धा तास अलीकडे आणा, म्हणजे तीन आठवड्यांत बसेल. परीक्षेला महिना उरला असेल तर आजच सुरुवात करा.

पेपरच्या सकाळी नेहमीचेच पोहे किंवा पोळी-भाजी द्या, नवीन काही नको. हॉलतिकीट आणि दोन पेनं रात्रीच पाऊचमध्ये ठेवा. केंद्रावर आदल्या आठवड्यात कामाच्या दिवशी, त्याच वेळेला एकदा जाऊन या. रविवारी पंधरा मिनिटांत होणारा रस्ता सोमवारी सकाळी पाऊण तास खातो.

जेवण तुटलं, रडू थांबेना किंवा ‘जगण्यात अर्थ नाही’ असं तो बोलू लागला, तर पेपर संपायची वाट बघू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री कधीही मोफत बोलता येतं, मराठीतही.