ओळखीचा शब्द, यादीबाहेरचा

प्रश्न : वर्गात मुलांना वाचायला दिलेल्या यादीत बाजरी, ज्वारी, वखर, बोंड, सरकी असे तीस शब्द होते. दुसऱ्या दिवशी पटांगणात ते ओळखायला सांगितले, तेव्हा यादीत नसलेल्या ‘कापूस’लाही अनेकांनी होकार दिला. हा जागाबदलाचा परिणाम असेल का?
– एक शिक्षिका, यावल

उत्तर : पटांगणाला फारसा दोष देऊ नये. गॉडन आणि बॅडले या मानसशास्त्रज्ञांच्या १९७५ च्या प्रयोगात, पाणबुड्यांनी जिथे शब्द ऐकले होते तिथेच, म्हणजे पाण्याखाली किंवा काठावर, ते त्यांना अधिक आठवले. परंतु १९८० मध्ये त्यांनी आठवण्याऐवजी नुसते ओळखायला सांगितले, तेव्हा हा फरक दिसला नाही. शब्दाचा शेजार मात्र ओळखीवर परिणाम करतो. ‘केळीचे पान’ असे वाचलेल्या मुलापुढे (जळगाव जिल्ह्यात त्याला दुसरे पान सुचणेही अवघडच) ‘वहीचे पान’ ठेवले, तर अक्षरे तीच असूनही तो अडखळू शकतो.

‘कापूस’ची गोष्ट वेगळी आहे. बोंड, सरकी आणि वखर वाचताना तो शब्द मनात आपोआप जागा होतो आणि नंतर ही ओळख यादीतून आली की शेतावरून, हे मुलाला वेगळे करता येत नाही. रोडिगर आणि मॅकडरमॉट या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये अशीच खोटी ओळख प्रौढ विद्यार्थ्यांतही दाखवली होती. पुढच्या वेळी ‘कापूस’बरोबर ‘होडी’सारखा असंबद्ध शब्दही विचारून पाहा, त्याला होकार फारच कमी मिळतील.