गोल कापायचं राउटर जिग: कोणतं घ्यावं, कोणतं घरीच करावं

प्रश्न: माझ्याकडे 6 मिमी कॉलेटचा (बिट, म्हणजे कापणारं पातं, धरणारी पकड) ट्रिमर, म्हणजे छोटा हाती राउटर आहे. 450 मिमीचे स्टूल, 900 मिमीचा गोल टेबलटॉप आणि स्पीकरच्या खोक्यांना 60 ते 150 मिमीची भोकं, एवढी कामं आहेत. एकच जिग (मध्यातल्या पिनेभोवती ट्रिमर गोल फिरवणारा साचा) पुरेल का? (सांगली)

उत्तर: पुरणार नाही, आणि एकात सगळं बसवायच्या नादी लागू नका. 60 मिमीच्या भोकाचा मध्य ट्रिमरच्या बेसखालीच येतो. दोन सळ्यांवर सरकणाऱ्या जिगची पिन तिथपर्यंत पोचतच नाही. उलट त्याच सळ्या 450 मिमी बाहेर काढल्या की लवतात आणि गोल अंडाकृती होतो.

लहान भोकांसाठी तयार प्लेट विकत घ्या. तिची पिन प्लेटच्या जाडीतच संपायला हवी. वर डोकावली तर बेसला अडते. ठरावीक भोकांची प्लेट असेल तर ती किती जाडीच्या बिटसाठी आखली आहे आणि मापं इंचात आहेत की मिलिमीटरमध्ये, हे घेण्याआधी बघा. सरकत्या पिनेची प्लेट मिळाली तर तीच बरी, कारण स्पीकरची मापं सोयीच्या आकड्यांत येत नाहीत.

मोठ्या गोलांसाठी मात्र पैसे घालवू नका. 6 मिमीची हायलम (कडक, गुळगुळीत लॅमिनेट) शीट किंवा चांगला प्लाय घ्या, सुमारे 600 मिमी लांब आणि 100 मिमी रुंद. ट्रिमरचा प्लास्टिक बेस काढून त्यावरून स्क्रूची भोकं उतरवा. स्क्रूची डोकी पृष्ठभागाखाली जातील इतकी काउंटरसिंक करा, नाहीतर लाकडावर ओरखडे उठतील. पिनेसाठी तुटलेल्या 6 मिमी ड्रिलचा दांडा वापरा. खिळा नको, तो भोकात हलतो. पट्टीवरची भोकं बेंच ड्रिलवर पाडलीत तर ती सरळ येतात.

सगळ्यात जास्त चुका मापात होतात. गोल चकती हवी असेल तर त्रिज्या पिनेच्या मध्यापासून बिटच्या आतल्या धारेपर्यंत मोजा. भोक हवं असेल तर बाहेरच्या धारेपर्यंत. 450 मिमीच्या स्टुलासाठी 6 मिमी बिटचा मध्य पिनेपासून 228 मिमीवर येतो. तो 225 वर ठेवलात तर चकती 444 मिमीचीच निघेल. आधी टाकाऊ तुकड्यावर 1 मिमी खोल गोल फिरवून व्यास मोजा.

6 मिमी बिटने एका फेरीत 3 मिमीच खोल जा. म्हणजे 18 मिमी प्लायला सहा फेऱ्या. घाई केलीत तर बिट तापतं, कड जळते आणि सागवानावर तो काळा डाग घासून काढताना माप बिघडतं. 900 मिमीचा परीघ जवळजवळ 2.83 मीटर भरतो. सहा फेऱ्यांत ट्रिमर 17 मीटर खाचेतून जाणार. म्हणून तो टॉप आधी जिगसॉने (उभ्या पात्याच्या विजेच्या करवतीने) 3 मिमी जादा ठेवून कापा आणि जिगने फक्त कड साफ करा. अशा वेळी वरून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेनेच फिरवा. सुलट फिरवलात तर बिट लाकडावर चढून ट्रिमर पुढे ओढतं. भोकाच्या आतल्या कडेला दिशा नेमकी उलटी, म्हणजे घड्याळाप्रमाणे.

प्रश्न: फेरी पूर्ण झाली की सुरुवात आणि शेवट जुळत नाहीत, कडेला पायरी पडते. (नाशिक)

उत्तर: पायरी आडवी आहे की उभी, ते आधी पाहा. त्रिज्या बदलली असेल तर पिन ढिली आहे, पट्टी लवते आहे किंवा वायर ट्रिमरला ओढते आहे. वायर खांद्यावरून घ्या आणि प्लग काढून एक पूर्ण फेरी कोरडीच मारून बघा. कुठे अडतं ते लगेच कळेल. खाचेचा तळ खाली-वर झाला असेल तर बिट कॉलेटमधून सरकतं आहे. कॉलेटमधला भुसा साफ करा, बिट पूर्ण आत घालून 2 मिमी मागे घ्या आणि मग घट्ट आवळा.

शेवटच्या फेरीत सुटी झालेली चकती बिटवर आदळली तर कडेला खड्डा पडतो, पायरीसारखाच दिसणारा. चकतीच्या आणि बाहेरच्या, अशा दोन्ही भागांखाली टाकाऊ प्लाय डबल टेपने चिकटवा. किंवा तळाला 1 मिमी पापुद्रा ठेवून तो जिगसॉने कापा आणि बेअरिंगच्या फ्लश ट्रिम बिटने (बेअरिंग तयार कडेवर टेकवून उरलेलं कापणाऱ्या) कड एकसारखी करा.

प्रश्न: टेबलाच्या मध्यभागी पिनेचं भोक दिसायला नको. (फोंडा, गोवा)

उत्तर: टॉप उलटा ठेवून खालच्या बाजूने कापा. 18 मिमी फळीत 8 मिमी खोल भोक पुरतं. ड्रिलवर टेप गुंडाळून खोलीची खूण करा. दोन्ही बाजू दिसणार असतील तर 6 मिमी एमडीएफचा चौकोन मध्यभागी डबल टेपने चिकटवा आणि पिन त्यात बसवा. पट्टी तिरकी होऊ नये म्हणून तेवढ्याच जाडीचा तुकडा ट्रिमरखाली पट्टीलाच चिकटवा, त्यात बिटपुरतं भोक ठेवून. तेवढं बिट मात्र वाया जातं, तेव्हा धारेची लांबी फळीला पुरेल ना हे आधी मोजा.