गावी परत आलोय, गावासाठी काही करायचंय: मराठवाड्यात सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की पुण्यातली नोकरी सोडून मंठा तालुक्यातल्या गावी परत आलात, वडिलोपार्जित बारा एकर जमीन आहे, घर कमी पाण्यात आणि कमी कचऱ्यात चालवायचंय, गावासाठीही काही करायचंय, पण कुठली संस्था, कुठली योजना, कुणाला विचारायचं हे कळत नाही. मी लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात राहते. एक एकरात माळवं आणि कडधान्यं करते, आणि नऊ वर्षांपासून गावच्या पाणी समितीत आहे. तेवढ्या अनुभवावर सांगते.

संस्थांची नावं पुढं देतेच. त्याआधी माझं ऐकाल तर गावातली सगळ्यांच्या मालकीची एकच वस्तू निवडा. एखादा आड, बारव, गायरानाचा तुकडा, नाहीतर हातपंपाभोवतीची चिखलाची जागा. ती नीट करायच्या आधी ती पुढं कोण आणि कशी सांभाळणार, हे चावडीवर बसून ठरवा. आमच्याकडं पैसा आला, जेसीबी आले, चर खोदले, झाडं लागली. जिथं सांभाळायचं ठरलं नव्हतं, तिथलं तीन वर्षांत काही उरलं नाही.

गायरानाचंच सांगते. एका पावसाळ्यात बाहेरच्या एका संस्थेनं आमच्या गायरानात एका दिवसात हजार झाडं लावली. फोटो निघाले, भाषणं झाली. शिमग्यापर्यंत शेळ्यांनी आणि उन्हानं सगळं संपवलं. मला फार वाईट वाटलं, कारण खड्डे आमच्याच बायकांनी खांदले होते. दुसऱ्या वर्षी आम्ही साठच झाडं लावली. कडुलिंब, चिंच, करंज, बोर, सीताफळ, चार हिवर. एक झाड एका घराचं. प्रत्येक रोपाशेजारी घरातलं जुनं मडकं गळ्यापर्यंत पुरलं. मडक्याच्या बुडाला बारीक भोक आणि भोकात सुती चिंधीची वात, तिचं दुसरं टोक मुळाकडं. आठवड्यातून एकदा मडकं भरून वर फुटकं कौल झाकायचं, एवढंच काम. बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं आणि शेळ्यावाल्यांना आधीच बैठकीला बोलावलं, म्हणजे ते रागात राहिले नाहीत. साठातली ४७ जगली.

दुसरं काम आडाचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर आमचं गाव नव्या जागी उठून आलं आणि जुना आड मागं राहिला. नळ आले तसा त्यात कचरा पडत गेला. मग २०१६ चा उन्हाळा आला. लातूर शहरात पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लागली, मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. त्या रेल्वेचं पाणी शहराला होतं, खेड्यांना टँकरचीच वाट होती. तेव्हा म्हाताऱ्या माणसांना आड आठवला. बहात्तरच्या दुष्काळातही तो तळाला गेला नव्हता, असं माझ्या सासूबाई सांगायच्या.

पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात आम्ही इर्जिक घातलं. पूर्वी एकाच्या रानात सगळ्यांचे बैल जायचे, तसं घरटी एक माणूस, रोज सकाळी सहा ते दहा. वर रहाट बसवला आणि टोपल्यांनी गाळ ओढला. पहिले तीन दिवस नुसत्या पिशव्या आणि बाटल्या निघाल्या. मग काळा, घाण वासाचा गाळ. त्याखाली बांगड्यांचे तुकडे, पितळी कळशीचा एक कान, पोहऱ्याची गंजलेली कडी. आठव्या दिवशी उगवतीकडच्या कपारीतून पाझर फुटला. खाली उतरलेल्या पोरानं ओंजळ भरून वर दाखवली. आधी कुणी बोललंच नाही, मग बायका रडायला लागल्या. सांगताना आजही माझा गळा भरून येतो.

पण खरं काम त्या रात्रीच्या बैठकीतलं होतं. आडावर मोटर बसणार नाही, फक्त पोहरा. दर पौर्णिमेला पाणी मोजायचं आणि शाळेच्या भिंतीवरच्या फळ्यावर लिहायचं. आडात सहा फुटांपेक्षा कमी पाणी उरलं की ते फक्त पिण्याला न्यायचं, धुण्याला आणि जनावरांना नाही. मोजायचं काम सातवीच्या पोरांना दिलंय. ती लबाडी करत नाहीत आणि कुणाची भीडही धरत नाहीत.

हे मोजणं का लागतं, ते आपल्या जमिनीमुळं. मराठवाड्याच्या बहुतेक भागाखाली काळा बेसाल्ट आहे. वरचा मुरूम आणि फुटका थर पाणी धरतो, त्याखालच्या अखंड पाषाणात पाण्याला फारशी जागाच नसते. म्हणून सातशे-आठशे फूट बोअर मारून जे पाणी लागतं, ते फटीत साठलेलं जुनं पाणी असतं. ते एकदा संपलं की दोन-चार पावसाळ्यांत भरून येईलच असं नाही. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा खोल बोअरवर बंधन आहे. गावात हे कुणाला माहीत नसतं. तुम्ही ग्रामसभेत वाचून दाखवा. भांडण लागेल, तरी वाचा.

तुमचा जिल्हा जालना, म्हणून आधी कडवंची बघून या. १९९६ च्या सुमारास इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रानं आणि गावकऱ्यांनी तिथं माथा ते पायथा काम केलं. आधी डोंगरावर समतल चर, मग शेतांना बांध, सगळ्यात शेवटी नाल्यावरची कामं. हा क्रम सोडून थेट नाला खोल केला तर वरची माती वाहून येते आणि दोन पावसाळ्यांत नाला भरतो. कडवंचीचे लोक आज द्राक्षं करतात आणि तिथं शेकडो शेततळी आहेत. शेततळ्याबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. ते पावसाच्या वाहत्या पाण्यानं भरलं तर साठवण आहे. प्लॅस्टिक अंथरून बोअरच्या पाण्यानं भरलं, तर ते जमिनीतलं पाणी वर काढून उन्हात वाळवणं आहे.

पाण्याचा ताळेबंद मांडायला शिका. गणित सोपं आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. ५०० हेक्टरचं शिवार आणि ६०० मिलिमीटर पाऊस धरला तर ३०० कोटी लिटर पाणी गावावर पडतं. त्यातलं किती वाहून जातं, किती उडून जातं, किती मुरतं आणि कुठलं पीक किती पितं, हे फळ्यावर मांडलं की उसाचा विषय आपोआप निघतो. अटल भूजल योजनेत मराठवाड्यातले जालना, लातूर आणि धाराशिव हे जिल्हे होते आणि निवडलेल्या गावांत असे ताळेबंद झाले आहेत. तुमच्या गावाचा झाला असेल तर ग्रामपंचायतीत मागा. नसेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात जा. ही यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. तुमच्या भागातली विहीर कुठली, ते विचारून घ्या.

शिवाराच्या कामासाठी पाणी फाउंडेशनचं प्रशिक्षण मला चांगलं वाटलं. त्यांची पाण्याची स्पर्धा २०१६ ला तीन तालुक्यांत सुरू झाली, त्यातला एक आपला अंबाजोगाई. आता ते शेतकऱ्यांच्या गटांसाठी फार्मर कप घेतात. अंबाजोगाईतच मानवलोक ही संस्था आहे, डॉ. द्वारकादास लोहियांनी १९८२ ला उभी केलेली. आपल्या दुष्काळी भागात इतकी वर्षं टिकून राहिलेली माणसं काय सांगतात, ते जाऊन ऐका. तलावातला गाळ शेतात टाकायचा असेल तर गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना तलाठ्याला विचारा. गाळ हलक्या रानात टाका, भारी काळ्या रानात त्याचा फारसा उपयोग नाही.

सांडपाण्याचा धडा नांदेडनं दिलाय. हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीनं घरोघरी शोषखड्डे करून गाव डासमुक्त केलं, आणि त्याला पुढं नांदेड पॅटर्न असं नाव पडलं. चार फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा, मधे भोकं पाडलेली टाकी, भोवती खाली मोठे दगड आणि वर बारीक खडी. हातपंपाशेजारी पहिला शोषखड्डा करा. आठवड्यात चिखल आटतो. लोकांना डोळ्यांनी दिसलं की ते स्वतः विचारायला येतात.

आता जेवणाचं. आमच्याकडं येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला, सगळं गाव रानात असतं. कडब्याची कोप म्हणजे खोपटं, आंबील आणि भज्जी. भज्जीला ओली तूर, वाटाणा, पावटा, वाल, हरभऱ्याची भाजी, मेथी, चिंच, सगळं लागतं. एका वर्षी माझ्या लक्षात आलं की आमच्या रानातली फक्त तूर आहे, बाकी सगळं लातूरच्या बाजारातून आणलंय. शिवारभर सोयाबीनच सोयाबीन. त्या संध्याकाळी मी घरात एक एकर मागितलं. स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था भूकंपानंतरच्या कामातून आमच्या भागात रुजली. बाईच्या हातात अर्धा-एक एकर, त्यात आधी घरच्या खाण्याची बरीच पिकं, रासायनिक खत नाही, हे एक एकराचं मॉडेल तिनं लातूर-धाराशिवच्या बायकांत पसरवलं. २०१६ ला तिला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. मी त्यांच्याच एका गटात शिकले. आता माझ्या एकरात वर्षाला वीस-बावीस पिकं येतात, आणि येळवशीला चिंच तेवढी शेजारून आणते.

बारा एकरातलं एक एकर तुम्ही घरातल्या बाईला विचारून असंच बाजूला काढा. बियाण्यासाठी परभणीचं कृषी विद्यापीठ आहे, १९७२ पासूनचं. त्यांची परभणी शक्ती ज्वारी लोह आणि जस्त जास्त असलेली आहे. तुरीचं बीडीएन ७११ तुमच्या जिल्ह्यातल्या बदनापूर केंद्रातलं आहे, लवकर येतं, कोरडवाहूला बरं पडतं. घरचं जुनं बियाणं असेल तर मात्र ते आधी राखून ठेवा, कडुलिंबाच्या पाल्यात किंवा राखेत.

घराच्या छताचंही करा. हजार चौरस फूट छत आणि ६०० मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे ५५ हजार लिटर. गळती-उडणं सोडून ४० हजार धरा. पाच माणसांच्या पिण्या-स्वयंपाकाला दिवसाला ४० लिटर लागले तर वर्षाचे साडेचौदा हजार होतात. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेर सोडायचं, मग टाकीत घ्यायचं.

गावाला आपल्या वस्तूची किंमत कशी वाटेल, याचं उत्तर संभाजीनगरजवळच्या पाटोद्यात बघा. सगळा कर भरणाऱ्याला ग्रामपंचायत दळण फुकट दळून देते. आणि तुमच्या गावात बारव असेल तर परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात वालूरला जा. तिथली चक्राकार पायऱ्यांची बारव गाळात गेली होती, गावकऱ्यांनीच ती मोकळी केली. मंठ्याहून लांब नाही, एका दिवसात जाऊन याल.

मृगाला अजून वेळ आहे, तोवर तुमच्या आडाची खोली आणि पाणी मोजून इथंच कळवा. दोरीला हातभर अंतरावर गाठी मारा आणि टोकाला दगड बांधा. वजन नसलं तर दोरी पाण्याला टेकलेली हाताला कळत नाही.