कोप्रोलाइट, विष्ठाश्म आणि मेरी अ‍ॅनिंग

विचारणा अशी आहे: ‘कोप्रोलाइट’साठी मराठीत ‘विष्ठाश्म’ लिहावे की सरळ ‘शेणाचा जीवाश्म’? आणि हा शब्द मेरी अ‍ॅनिंग यांनी घडवला असे वाचनात आले, ते खरे का?

आधी दुसरा प्रश्न घेतो. शब्द अ‍ॅनिंग यांचा नाही. ऑक्सफर्डला भूविज्ञान शिकवणाऱ्या विल्यम बकलँड यांनी तो 1829 मध्ये ग्रीक ‘कोप्रोस’ (शेण, विष्ठा) आणि ‘लिथोस’ (दगड) जोडून केला. तरी तुमच्या वाचनात जे आले ते अगदीच निराधार नाही.

लाइम रीजिस हे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचे गाव. तिथल्या ढासळत्या कड्यांतून जीवाश्म काढून विकणे हा अ‍ॅनिंग यांचा (1799–1847) पोटापाण्याचा व्यवसाय होता. तिथे काही लांबट, ओबडधोबड गोटे सापडत. त्यांना ‘बेझोअर दगड’ म्हणत. खरा बेझोअर म्हणजे बकऱ्यांसारख्या जनावरांच्या पोटात तयार होणारा खडा. विषावरचा उतारा म्हणून पूर्वी त्याला मोठी किंमत येई. मूळ फारसी शब्द ‘पादझहर’, आणि त्यातले ‘झहर’ म्हणजे आपल्या बोलण्यातले जहरच. अ‍ॅनिंग यांच्या लक्षात आले, की लाइमचे हे गोटे इक्थिओसॉर या सागरी सरीसृपाच्या सांगाड्यात नेमके पोटाच्या जागी असतात, आणि फोडले की आत माशांची हाडे व खवले निघतात.

हे त्यांनाच का दिसले? कारण सांगाडा खडकातून सोडवण्याचे काम त्या स्वतः करत. गोटा सुटा होऊन संग्राहकाच्या कपाटात गेला की तो कोणत्या फासळ्यांच्या मध्ये होता ही माहिती कायमची जाते. हे गोटे म्हणजे दगड झालेली विष्ठा, हा बकलँड यांचा निष्कर्ष अशा निरीक्षणांवर उभा आहे. ज्या लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीपुढे त्यांनी तो मांडला, तिने स्त्रियांना फेलो म्हणून घ्यायला 1919 साल उजाडले. म्हणून कोशात व्युत्पत्ती देताना ‘शब्द बकलँड यांचा, निरीक्षण अ‍ॅनिंग यांचे’ एवढे तरी लिहावे, असे मला ठामपणे वाटते.

व्याकरणाची आवड असलेल्यांसाठी याच गावची आणखी एक गोष्ट. स्विस शास्त्रज्ञ लुई अ‍ॅगॅसिझ 1834 मध्ये लाइमला आले, तेव्हा अ‍ॅनिंग आणि त्यांची मैत्रीण एलिझाबेथ फिलपॉट यांनी त्यांना जीवाश्म माशांबाबत मोलाची मदत केली. पुढे अ‍ॅगॅसिझ यांनी एका माशाचे नाव ठेवले ‘अ‍ॅक्रोडस अ‍ॅनिंगिए’ आणि दुसऱ्याचे ‘युग्नॅथस फिलपोटे’. शेवटचा ‘ए’ हा लॅटिन षष्ठीचा स्त्रीलिंगी प्रत्यय. पुरुषाचे नाव असते तर ‘ई’ आला असता, जसे बकलँड यांच्यावरून ‘मेगॅलोसॉरस बकलँडी’ हे एका डायनोसॉरचे नाव. मराठीत ‘अ‍ॅनिंगचा मासा’ म्हटले तर ‘चा’ माशाचे लिंग सांगतो, अ‍ॅनिंग बाई की बुवा हे सांगत नाही. लॅटिन नाव मात्र ते सांगते.

आता मराठी शब्द. विष्ठा + अश्म = विष्ठाश्म; ‘जीवाश्म’च्या शेजारी चपखल बसतो, संधीही सरळ आहे. शास्त्रीय लेखनात तोच वापरावा, पहिल्या उल्लेखात सोबत ‘कोप्रोलाइट’ द्यावे. ‘शेणाश्म’ कानाला खटकतो. शिवाय आपल्याकडे गाईम्हशीचे शेण, घोड्याची लीद, शेळीची लेंडी, पाखराची शीट, असे प्राण्यागणिक शब्द आहेत. मासे खाणाऱ्या इक्थिओसॉरच्या बाबतीत ‘शेण’ म्हणणे चुकीचेच ठरेल. ‘विष्ठा’ सर्वांना लागू पडते.

पण एका ठिकाणी मी ‘शेण’ आनंदाने मान्य करीन, आणि ते ठिकाण महाराष्ट्रातले आहे. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळचे पिसदुरा विष्ठाश्मांसाठी जगभरच्या अभ्यासकांना माहीत आहे. भूवैज्ञानिक चार्ल्स मॅटली यांनी 1939 मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. तिथे टायटॅनोसॉर या अजस्र शाकाहारी डायनोसॉरची हाडेही मिळतात, त्यामुळे निदान काही विष्ठाश्म त्यांचे असावेत असे मानले जाते. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद यांनी, कॅरोलिन स्ट्रोम्बर्ग आणि इतर सहकाऱ्यांसह, त्यांतले सिलिकाचे सूक्ष्म कण तपासले. वनस्पतींच्या पेशींत तयार होणारे हे कण वनस्पती कुजली तरी टिकतात, आणि आकारावरून कूळ ओळखता येते. पिसदुऱ्यात निघाले ते गवताचे, तेही एकाच नव्हे तर निरनिराळ्या गटांतल्या गवतांचे! डायनोसॉरच्या काळात गवत जवळजवळ नव्हतेच, ही समजूत 2005 च्या त्या शोधनिबंधाने मोडीत निघाली. चरणाऱ्या जनावराच्या पोटातून गवत बाहेर पडले असेल तर त्याला मराठी माणूस शेणच म्हणणार.

या शोधाबद्दल लिहिताना एक पथ्य पाळावे. ‘प्रसाद व इतर यांनी दाखवले’ या वाक्यातले ‘यांनी’ स्त्री-पुरुष काहीच कळू देत नाही, आणि ‘प्रसाद’ वाचून बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पुरुषच येतो. ‘वंदना प्रसाद’ असे पूर्ण नाव लिहावे.