दुपारपर्यंत मासा मऊ पडतो? बाटली बाजूला ठेवा, बर्फ आधी आणा

प्रश्न: शेततळ्यातले रोहू, कटला, चिलापी पहाटे काढून आम्ही भिगवणच्या बाजारात नेतो. पोहोचेपर्यंत मासा मऊ पडतो, काहींची पोटं फुटतात. खाद्याच्या दुकानदाराने धुण्याच्या पाण्यात टाकायला एक औषध दिलंय, बाटलीवर नाव नाही. किती टाकावं? मासा साफ करूनच न्यावा का?

उत्तर: एक थेंबही टाकू नका. लेबल नसलेली, नाकाला झोंबणारी अशी बाटली फॉर्मॅलिनची, म्हणजे प्रेतं टिकवायला वापरतात त्या विषारी रसायनाची, असू शकते. खाण्याच्या माशाला ते लावायला बंदी आहे. याच संशयावरून 2018 मध्ये गोव्याने परराज्यातली मासळी काही दिवस बंद केली होती. दुकानदाराला बाटली खपवायची असते, माल परत आला तर तो तुमच्या गळ्यात.

मासा मऊ पडतो तो उशिरामुळे. कितीतरी तळ्यांवर हेच पाहतो: चारला जाळं ओढलं, मासा ताडपत्रीवर ढीग घालून ठेवला आणि बर्फाला माणूस निघाला सात वाजता! बर्फ आदल्या रात्री तळ्यावर हवा. पोटं फुटतात कारण आतडी खाद्याने भरलेली असतात. काढणीआधी 24 तास खाद्य बंद ठेवा.

माझा आग्रह बर्फपाण्याचा. टबात निम्मा फोडलेला बर्फ, निम्मं स्वच्छ पाणी. जाळ्यातला मासा थेट त्यात. अर्धा तास तरी राहू द्या, मोठ्या कटल्याला जास्त. मग पेटीत तळाला बर्फ, वर मासा, पुन्हा बर्फ. उन्हाळ्यात किलोला किलो बर्फ लागतोच. पेटीला खालून भोक ठेवा, वितळलेल्या पाण्यात मासा भिजत राहिला की गेला. निळा बर्फ घेऊ नका, तो खाण्यासाठी नसतो.

ब्लीचिंग पावडरही मूठमूठ नको. शंभर लिटरला दीड-दोन ग्रॅम, अर्धा तास थांबून मग ते पाणी धुवायला वापरा. जास्त टाकलं तर मासा पांढरट पडतो, वास राहतो.

बाजारात अख्खाच न्या. घरी ठेवायचा तर लगेच साफ करा: कल्ले काढा, पित्ताची पिशवी न फोडता आतडी ओढा, चिलापीच्या पोटातला काळा पापुद्रा खरवडा आणि कण्याखालची रक्ताची रेघ अंगठ्याच्या नखाने, नाहीतर जुन्या ब्रशने काढा. कुजायला सुरुवात तिथूनच होते. धुऊन, पोट खाली करून बर्फात ठेवा. पोट फाडून उघड्यावर ठेवण्यापेक्षा न फाडलेला बरा.

शीतपेटीसह मोटारसायकलला मत्स्य संपदा योजनेत 40 टक्के अनुदान, महिला व अनुसूचित जाती-जमातींना 60. अर्ज जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयात. मंजुरीआधी खरेदी नको.

एक राहिलं. रोहू-कटल्याचं पित्त मधुमेहावर चांगलं म्हणून काहीजण गिळतात. त्याने मूत्रपिंड बंद पडतं. कुणी गिळलं असेल तर उलट्या सुरू व्हायची वाट न बघता दवाखान्यात न्या.