सारांश पान झाकून लिहायचा

नागपूर

प्रिय नवशिक्षक,

पहिल्या वर्षाला अ‍ॅकॅडमिक इंग्लिश शिकवणार आहेस, तर आधी सारांशाचं. मुलं शाळेतून प्रेसीचा, म्हणजे संक्षेपलेखनाचा, ‘मूळच्या एक तृतीयांश’ नियम घेऊन येतात आणि मूळ वाक्यंच छाटत बसतात. दोन शब्द काढले, एक समानार्थी घातला, झालं! पुढे प्रबंधात हेच वाङ्मयचौर्य ठरतं. खोट इंग्रजीत कमी, वाचण्यात जास्त असते.

उतारा साधारण ४०० शब्दांचा घे, विषय ओळखीचा. संत्रीच घे ना: आंबिया आणि मृग हे फुलोऱ्याचे दोन बहार, आंबियाचं फळ हिवाळ्याच्या तोंडी, मृगाचं उन्हाळ्याच्या, बहार धरायला पाणी तोडून बागेला दिलेला ताण. काटोलकडच्या, म्हणजे संत्र्यांच्या पट्ट्यातल्या मुलांना हे पाठ असतं. धोकाही तिथेच, उताऱ्यात नसलेलं घरचं ज्ञान सारांशात शिरतं. ते निर्दयपणे काढायला लाव.

पहिलं वाचन पेनाशिवाय. दुसऱ्या वेळी प्रत्येक परिच्छेदाशेजारी समासात पाच-सहा शब्द: हा दावा, हे कारण, हे उदाहरण, हा अपवाद. उदाहरणं गळतात, अपवाद ठेवायचा. मग पान झाकायचं आणि शेजारच्याला अर्ध्या मिनिटात मराठीत सांगायचं. वऱ्हाडीत सांगितलं तरी बिघडत नाही. त्यानंतर फक्त टिपणांवरून इंग्रजीत ८० ते १०० शब्द. शेवटी पान उघडून ताडायचं. सलग चार-पाच शब्द जुळले की ते वाक्य पुन्हा लिहायचं. पारिभाषिक शब्दांना मात्र सूट दे, नाहीतर ‘वॉटर स्ट्रेस’चं कुणीतरी ‘वॉटर टेन्शन’ करतं.

पहिल्याच वाक्यात लेखकाचं नाव, वर्ष आणि मुख्य म्हणणं हवं. क्रियापदावर एक अख्खा तास खर्च कर. ‘सजेस्ट्स’ आणि ‘प्रूव्हज’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. लेखकाचं ‘मे रिड्यूस’ सारांशात ‘रिड्यूसेस’ झालं, तर न केलेला दावा त्याच्या गळ्यात पडला. शिवाय तिसऱ्या वाक्यापर्यंत लेखक गायब होतो आणि मत कुणाचं तेच कळत नाही. तिथे ‘शी ऑल्सो नोट्स’सारखी आठवण हवी.

तपासताना पहिल्या फेरीत व्याकरणाला हात लावू नकोस. मूळ उतारा न वाचलेल्या मुलाला सारांश दे आणि लेखकाचं म्हणणं एका वाक्यात विचार. त्याला सांगता आलं नाही, तर लिहिणाऱ्याकडून समासातली टिपणं मागव. चूक बहुतेकदा तिथेच सापडते.